बिननावाची पायरी

उड्डाणपुलाखालून डावीकडे वळलं की टेकडीच्या पोटात कोरलेला जुना बुद्धविहार लागतो. दारावरची दगडी पट्टी घासून गुळगुळीत केलेली, पण कोरी. दाराशेजारी पाण्याचं टाकं आणि टाक्याच्या तोंडाशी एक पायरी, मधोमध वाटीसारखी झिजलेली. पाहुणे आले की विहाराची देखरेख करणारे लहानूबाबा गमरे त्यांना आधी तिथेच थांबवतात. "चपला काढा, पायरीवर टाच घासा, मग पाणी प्या." का, ते नंतर सांगतात.

विहार कोरला जात होता तेव्हा इथे सामिला नावाची पाथरवटीण होती, असे सांगतात. अक्षरं कोरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचा धाकटा भाऊ कण्हिल टाकं खोदत होता. दान एका श्रेष्ठीचं, बड्या व्यापाऱ्याचं. टाकं भरलं तशी त्याने आज्ञा केली, राजा येऊन पहिली ओंजळ घेईपर्यंत या पाण्याला कुणी शिवायचं नाही. खोदणाऱ्यांनी तर नाहीच.

चैत्राचं ऊन होतं. कण्हिल भोवळ येऊन पडला. सरपटत त्याने टाक्यात हात घातला आणि पहारेकऱ्यांनी काठ्यांनी तो हात मोडला, म्हणे. सामिला ओढ्यावरून घागर घेऊन आली तेव्हा तो गेला होता. पाण्यापासून वीतभर अंतरावर.

तिसऱ्याच दिवशी श्रेष्ठीने तिला बोलावलं. "पोरी, दारावर माझं नाव कोर. चंद्रसूर्य असेतो लोकांना दिसलं पाहिजे."

"दिसेल," सामिला म्हणाली.

विहारातल्या म्हाताऱ्या भिक्खूंनी तिचा चेहरा वाचला. "बाई, राग सोड."

"भन्ते, तुम्ही सोडा. तुमचा भाऊ नाही गेला."

तिने दार आणि पायरी बांबूच्या तट्ट्यांनी झाकून घेतली. सात दिवस आतून नुसती छिन्नी ऐकू यायची.

आठव्या दिवशी राजा आला. टाक्याकडचे तट्टे उतरले. राजाने ओंजळ घेतली, मागून गाव लोटलं. पाणी सांडलं, ओले पाय पायरीवरून गेले आणि सामिलाने पायरीवर लिंपलेली माती हळूहळू धुऊन निघाली. मग दारावरचे तट्टे उतरले. श्रेष्ठीने कौतुकाने मान वर केली. पट्टी कोरी होती.

"माझं नाव कुठाय?"

सामिलाने त्याच्या पायांकडे बोट दाखवलं. नाव तिथे होतं, बोटभर खोल, चिखलाने माखलेलं. तो स्वतःच त्यावर उभा होता.

"कापा हिचे हात!"

"काप. नाव आता माझ्या हातात नाही, लोकांच्या पायांत आहे."

"पायरी उखडा!" तो ओरडला. तेव्हा पाथरवट खदाखदा हसले. एवढं दान केलं, पण कोरीव काम म्हणजे काय हे त्याला कळलंच नव्हतं. पायरी, टाकं, विहार, सगळा एकच खडक. पायरी काढायची तर टेकडी काढावी लागेल!

सामिलाने छिन्नी-हातोडा त्याच्यापुढे धरला. "तासून टाक. तुझ्याच हाताने."

राजा बघत होता. श्रेष्ठी छिन्नी घेऊन स्वतःच्या नावावर वाकला. बराच वेळ वाकून राहिला. हातोडा काही उचलला गेला नाही. छिन्नी टाकून तो गेला, तो पुन्हा या टेकडीकडे फिरकला नाही.

सामिलाचं एवढ्याने भागलं नाही. शेवटचं अक्षर झिजेपर्यंत या टाक्याचा थेंब घेणार नाही, अशी शपथ तिने घेतली. रोज सकाळी ती पायरीवर टाच घासायची आणि तहान लागली की ओढ्यावर जायची. ती म्हातारी होऊन मेली तेव्हा अक्षरं अजून वाचता येत होती. मग गावाने टाच घासायला घेतली.

आजही टाच घासल्याशिवाय इथे कुणी पाणी पीत नाही. परवा आलेल्या एका कॉलेजच्या मुलीने ओंजळभर पाणी पिऊन विचारलं, "बाबा, पण त्या श्रेष्ठीचं नाव होतं तरी काय?"

"टाच घासलीस ना?"

"हो."

"मग मला काय विचारतेस?" लहानूबाबा म्हणाले. "तूच पुसलंस की!"