ठिणगीच्या दारात काळा थेंब

एक होतं अंगण. अंगणात होती लाल गाडी. गाडीखाली फरशीला होती फट. आणि फटीत होतं एका मुंगीचं घर.

मुंगीचं नाव ठिणगी. ठिणगी होती इवलीशी, पण भारी हट्टी.

एके सकाळी ठिणगीला खोबऱ्याचा कीस मिळाला. पांढरा पांढरा, गोड गोड. घरात पिल्लं भुकेली होती. ठिणगी कीस ओढत निघाली. तुरू तुरू तुरू. दारापाशी आली, आणि...

टप्प!

वरून काळा थेंब पडला. गाडीचं तेल! खोबरं काळं झालं. दार काळं झालं. टप्प. टप्प. थेंब पडतच राहिले.

शेजारच्या मुंग्या म्हणाल्या, गाडी केवढी, तू केवढी, दुसरीकडे घर कर.

ठिणगीने मिशा झटकल्या.

"दार माझं. मी नाही हलायची."

ठिणगी चाकावरून वर चढली. तुरू तुरू तुरू. गाडीला म्हणाली,

"दार माझं सुकेना.
गाडी गाडी, गळू नको."

गाडी म्हणाली, "पोटाखालचा नट घट्ट बसेल, तर मी थांबेन. नाही तर नाही. तूच जा ना दुसरीकडे."

"मी नाही हलायची."

ठिणगी गाडीच्या पोटाखाली गेली. तुरू तुरू तुरू. तिथे नट होता. तेलाने माखलेला, डुगडुग डुगडुग हलणारा.

"गाडी गळणं थांबेना,
दार माझं सुकेना.
नटा नटा, घट्ट बस."

नट म्हणाला, "पाना मला आवळेल, तर मी बसेन. नाही तर नाही. तूच जा ना दुसरीकडे."

"मी नाही हलायची."

ठिणगी ओट्याखाली गेली. तुरू तुरू तुरू. तिथे पत्र्याची पेटी होती. पेटीत लांबलचक पाना झोपला होता.

"नट घट्ट बसेना,
गाडी गळणं थांबेना,
दार माझं सुकेना.
पान्या पान्या, नट आवळ."

पाना म्हणाला, "हौसामावशी मला उचलेल, तर मी आवळेन. नाही तर नाही. तूच जा ना दुसरीकडे."

"मी नाही हलायची."

ठिणगी ओट्यावर चढली. तुरू तुरू तुरू. तिथे हौसामावशी बसली होती. लाल गाडी तिचीच. मांडीवर तिची बाळी होती.

"पाना नट आवळेना,
नट घट्ट बसेना,
गाडी गळणं थांबेना,
दार माझं सुकेना.
मावशी मावशी, पाना उचल."

मावशी म्हणाली, "बाळी झोपेल, तर मी उठेन. नाही तर नाही. तूच जा ना दुसरीकडे."

"मी नाही हलायची."

ठिणगी बाळीच्या अंगठ्यावर चढली. तुरू तुरू तुरू. बाळी रडत होती. ट्यँ ट्यँ ट्यँ.

"मावशी पाना उचलेना,
पाना नट आवळेना,
नट घट्ट बसेना,
गाडी गळणं थांबेना,
दार माझं सुकेना.
बाळी बाळी, झोप ना."

बाळी म्हणाली, "बोका माझी गोधडी सोडेल, तर मी झोपेन. नाही तर नाही. ट्यँ!"

गोधडी होती कोपऱ्यात. गोधडीवर होता बोका. गोल गोल, जाड जाड. घुर्रर्र, घुर्रर्र. ठिणगी त्याच्या नाकासमोर उभी राहिली.

"बाळी काही झोपेना,
मावशी पाना उचलेना,
पाना नट आवळेना,
नट घट्ट बसेना,
गाडी गळणं थांबेना,
दार माझं सुकेना.
बोक्या बोक्या, गोधडी सोड."

बोक्याने एक डोळा उघडला. "मला कोण उठवणार? तू?"

"हो. मी."

ठिणगी बोक्याच्या पंजात शिरली. दोन बोटांच्या मध्ये, मऊ मऊ जागी, आणि चावली, चुर्रर्र!

म्याँऽऽव!

बोक्याने गोधडी सोडली. बाळी झोपली. मावशीने पाना उचलला. चाकांमागे दगड लावले, पोतं अंथरलं, आणि ती गाडीखाली सरकली. पान्याने नट आवळला. कर्र कर्र कर्र. नट घट्ट बसला.

सगळे वर बघत राहिले.

एक. दोन. तीन. चार.

टप्प.

मावशी म्हणाली, आता एखादाच तर थेंब पडतोय, चालायचंच. आणि ती गाडीखालून बाहेर सरकू लागली.

ठिणगी तुरूतुरू गेली, आपल्या दारात मधोमध उभी राहिली. वर नटावर नवा थेंब फुगत होता. काळा काळा, मोठा मोठा.

"एक थेंब म्हणजे माझं अख्खं दार," ठिणगी म्हणाली. "मी नाही हलायची."

थेंब सुटला.

मावशीने झटकन हात पुढे केला. टप्प! थेंब मावशीच्या तळहातावर पडला. मावशीने थेंबाकडे बघितलं. ठिणगीकडे बघितलं.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "काम अर्धं झालंय."

मग मावशीने खाली परात ठेवली. नट उलटा फिरवला. भस्स! सगळं तेल परातीत आलं. नटाखाली वॉशर होती, पातळ, चिरलेली. मावशीने ती काढली. नवी चकचकीत वॉशर घातली. नट पुन्हा आवळला. कर्र कर्र कर्र. वरून नवं तेल ओतलं. गट गट गट.

सगळे पुन्हा वर बघत राहिले.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात.

काही नाही.

मावशीने फरशीवर भुसा टाकला. तेल भुशात शिरलं. खराट्याने खर्र खर्र झाडलं. दार सुकलं. मावशी हात पुसत उठली.

ठिणगी तिथेच उभी.

"आता काय राहिलं?" मावशीने विचारलं.

"माझं खोबरं."

मावशी हसत आत गेली. खोबऱ्याचा मोठ्ठा कीस घेऊन आली आणि फटीपाशी ठेवला. पांढरा पांढरा, गोड गोड.

ठिणगीने तो उचलला आणि आत हाक मारली. पिल्लं धावत आली. एक, दोन, तीन, चार, पाच.

सगळी तोंडं भरली. गोष्ट इथे सरली.