वैशाखातला निवाडा

एका गावाच्या कडेला, ओढ्यालगत, तान्हाबाई नावाच्या म्हातारीचा भाजीचा एक अरुंद पट्टा होता. नवरा केव्हाच गेला होता, मूलबाळ नव्हतं. मेथी, वांगी आणि कुडावर चढवलेले वाल एवढ्यावर तिचं पोट चालायचं. लांबच्या गावी एक भाची होती. पट्टा पिकेनासा झाला तर म्हातारपणी तिच्या दारात जाऊन पडावं लागेल, ही एकच धास्ती तान्हाबाईला होती.

पट्ट्याच्या दक्षिणेला मल्हारशेटांनी गुळाची वखार बांधायला काढली. गूळ ठेवायला एक मजला पुष्कळ होता. पण गावात सगळ्यांत उंच इमारत आपलीच असावी, ही शेटजींची हौस. त्यांनी वर दुसरा मजला चढवला.

थंडी आली, सूर्य दक्षिणेकडे कलला, आणि भिंतीची सावली रोज थोडी थोडी पट्ट्यात शिरू लागली. पौषात तर ती दिवसभर तिथेच ठाण मांडून बसली. मेथी पिवळी पडली. वांग्यांना फूल धरेना. वालाच्या वेलाने मात्र जिवाचा आटापिटा केला. ऊन शोधत तो भिंतीवर चढला, सुतळीसारखा बारीक, फिकट, नुसता लांबच लांब. भिंत खराब होते म्हणून शेटजींच्या गड्याने तो विळ्याने छाटला.

तान्हाबाई सुभानराव पाटलांकडे गेली. पाटील सरळ माणूस. कुणाच्या पैला ते कधी शिवले नाहीत. आसपासच्या गावांत त्यांच्या निवाड्यांची वाहवा होई, आणि ती त्यांच्या कानांवर जरा जास्तच पडली होती.

"पाटील, आत्ता येऊन बघा," म्हातारी म्हणाली.

"सवड झाली की येतो."

सवड झाली ती सुगी उरकून, वैशाखात. पाटील भर दुपारी आले, सोबत निम्मं गाव. त्यांनी दोरी टाकून हद्द मोजली. भिंत शेटजींच्याच जागेत होती. ओढ्याचं पाणी पूर्वीसारखंच येत होतं. माती उकरून पाहिली, तीही काळीभोर.

"म्हातारे, तुझी जमीन जाग्यावर हाय, पाणी जाग्यावर हाय. मग शेटनी नेलं काय?"

"ऊन नेलं. माज्या झाडांची चूल इझली, पाटील."

लोक हसले. मल्हारशेट तर पोट धरून हसले. "ऊन काय मी वखारीत पोत्यात भरून ठेवलंय?"

हसणाऱ्यांची मला कीव येते. झाडाचं सगळं अन्न पानात शिजतं. मुळं पाणी आणतात, पानं हवा आत घेतात, पण त्या दोन्हींची साखर होते ती उन्हाच्याच आचेवर. शेटजींच्या वखारीतला गूळसुद्धा उसाच्या पानांनी उन्हात रांधलेला होता. म्हणजे ऊन खरोखरच पोत्यात भरलेलं होतं, फक्त कुणाला ते दिसलं नाही.

पाटलांनी सावली शोधली. सूर्य डोक्यावर. सावली भिंतीच्या पायाशी अंग चोरून पडलेली, तिच्यात मांजरही धड बसलं नसतं.

"पौषात या, पाटील." तान्हाबाईने हात जोडले. "एकडाव पौषात या."

पाटलांना राग आला. "माज्या डोळ्यांनी बघितलं ते खोटं व्हय? भिंत ऱ्हाईल." आणि ते गेले.

पुन्हा थंडी आली, पुन्हा सावली. तान्हाबाई घागरीमागून घागर पाणी घालत राहिली. पानं गळतच राहिली. मार्गशीर्षात एके दिवशी तिने झोपडीला कडी घातली आणि बोचकं घेऊन ती भाचीच्या गावची वाट चालू लागली. तिला निरोप द्यायला कुणी आलं नाही.

संक्रांतीच्या तोंडावर पाटील गूळ घ्यायला वखारीवर आले. मागच्या अंगाने जाताना त्यांना एकाएकी हुडहुडी भरली. भर दुपार होती, तरी पायाखाली सावली. पाटील चालत राहिले, सावली संपेना. पट्ट्याच्या पार टोकाला गेल्यावर कुठे त्यांच्या पाठीला ऊन लागलं. ते मागे वळले. वाळलेल्या वांग्याच्या बुडाशी त्यांनी बोट घातलं. माती अजून ओलसर होती.

त्यांनी त्याच दिवशी गडी लावून वरचा मजला उतरवायला घेतला. शेटजी आरडाओरडा करत राहिले. दुसरीकडे तान्हाबाईला आणायला बैलगाडी धाडली.

गाडी रिकामी आली. गाडीवानाने पाटलांच्या हातात एक पुरचुंडी ठेवली. आत वालाचं बी होतं.

"भाची म्हनली, आत्या रोज अंगनातल्या उन्हात बसून वाफ्याला जागा बघायची. आठ दिस झाले, गेली."

पाटलांनी ते बी पट्ट्यात पेरलं. पण निवाडे करणाऱ्या हातांना खुरपं धरायची सवय नव्हती, आणि त्यांना सवडही नव्हती. पट्ट्यावर आता दिवसभर लख्ख ऊन पडतं. तिथे कमरेइतकं गवत माजलं आहे, आणि त्याचा स्वयंपाक छान चालला आहे.

तात्पर्य: दुसऱ्याचं दुःख त्याच्या वेळेला जाऊन पाहावं. आपल्या सवडीने पाहिलं, तर प्रामाणिक माणसाच्या हातूनही अन्याय होतो.