नथोबाची बोटं

कास नदीवर अजून बंधारा झाला नव्हता आणि कातळवेढ्याच्या ख्रिस्ती मंडळीचं प्रार्थनाघर नुसत्या कुडाचं होतं, त्या काळातली ही गोष्ट. ती सांगणाऱ्यांच्या आज्याही ती ऐकीवच सांगायच्या. त्यामुळे खरं किती आणि वाढलेलं किती, हे विचारायला आता कोणी उरलेलं नाही. ऐका.

कातळवेढ्यात नथू नावाचा हलगीवाला होता. लग्न असो, मयत असो, सरकारी दवंडी असो, गावाला नथू लागायचा. त्यानं हलगीवर टिपरू टेकवलं की मोटेचे बैल आपोआप पाय उचलायचे, असं म्हणतात. रुसलेली सून माहेरच्या वाटेवरून त्याची हलगी ऐकून परत फिरली, असंही म्हणतात. एकदा गारांचा ढग गावावर आला आणि नथूनं शिवेवर उभं राहून अशी हलगी वाजवली, की ढग पलीकडच्या माळावर जाऊन रिकामा झाला. माळावरचे लोक हे मान्य करत नाहीत, पण गारा त्यांच्याकडे पडल्या हे त्यांनाही नाकारता येत नाही.

असा हा नथू. आणि एवढ्या गुणाच्या माणसाला गावानं काय दिलं? लग्नात मांडवाबाहेरची जागा आणि सगळ्यांची पंगत उठल्यावर उरलेली शिळी भाकर. देवळापुढं तो वाजवायचा, पण पायरीच्या खाली उभा राहून. त्याची हलगी देवाला चालायची, तो चालत नव्हता.

म्हणून मिशनचे म्हातारे साहेब घोड्यावरून आले आणि म्हणाले, की इथं दार सगळ्यांना उघडं आहे, तेव्हा सोळा घरं बाप्तिस्मा घ्यायला नदीत उतरली. नथू आणि त्याची बायको सगुणा त्यांत होती. नथूचा नथानिएल झाला. लोक त्याला नथोबाच म्हणत राहिले.

साहेब वर्षातून दोनदा यायचे. एरवी मंडळी सांभाळायला उपदेशक होते, शमुवेल मास्तर. मास्तर त्याच वस्तीतले. मिशनच्या शाळेत शिकून आलेले, कोट घालणारे, शब्दाला पक्के. बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी ते नथोबाच्या अंगणात आले.

"नथानिएल, हलगी आण."

नथोबाला वाटलं, मास्तरांना ऐकायची आहे. त्यानं गवत पेटवलं आणि धगीवर हलगी धरली. हलगीचं कातडं तापवल्याशिवाय ताणत नाही. न तापवलेली हलगी ओल्या पोत्यासारखी बोलते. पण मास्तरांनी पायानं तो जाळ विझवला.

"वाजवायला नाही मागितली. द्यायला सांगतोय."

"मास्तर, माझा हात हाय तो."

"हात नाही, जोखड आहे. हीच वाजवून आपण त्यांच्या मढ्यापुढं चाललो. हीच वाजवून शिळं मागितलं. जोखड टाकून आलास ना? मग सगळं टाक."

मास्तरांच्या या बोलण्याला कारण होतं आणि ते खोटं नव्हतं. त्यांचे वडील भाऊबा नथोबाच्या आधी गावचे हलगीवाले होते. लहानपणी मास्तरांनी बापाला पाटलाच्या तिरडीपुढं उन्हात अनवाणी वाजवत जाताना पाहिलं होतं आणि संध्याकाळी बापानं आणलेली भाकर बुरशीची निघाली होती. ती चव मास्तरांच्या जिभेवरून कधी गेली नाही.

नथोबानं हलगी दिली. मास्तरांनी ती प्रार्थनाघराच्या आढ्याला उंच टांगली, सगळ्यांना दिसेल पण कोणाचा हात पोचणार नाही अशी.

मग रविवार सुरू झाले. साहेबांनी पेटी दिली होती आणि साहेबांच्या देशातल्या चालींवर मराठी शब्द बसवलेली गाणी दिली होती. मास्तर पेटी वाजवायचे, मंडळी ओठ हलवायची. चाल एकीकडे, शब्द एकीकडे, आणि माणसं तिसरीकडेच कुठंतरी. नथोबा पुढच्या रांगेत बसायचा. गाणं सुरू झालं की त्याची बोटं आपसूक मांडीवर चालू लागायची.

"नथानिएल, बोटं!" मास्तर पेटीवरूनच ओरडायचे.

नथोबा दचकून हात मांडीखाली घालायचा. पुढच्या कडव्याला ती बोटं परत बाहेर. "नथानिएल, बोटं!" असं होता होता मंडळीतल्या लोकांना गाण्याचे शब्द पाठ झाले नाहीत, पण हे दोन शब्द पाठ झाले.

सगुणा जिभेची तिखट. एका रविवारी उपासना सुटल्यावर ती मास्तरांना आडवी गेली. "मास्तर, एक इचारू का? ही पेटी कोनत्या नदीत उतरली व्हती?"

"म्हणजे?"

"न्हाई, म्हनलं तिचा बाप्तिस्मा कवा झाला? तिच्यावर साहेबाच्या देशात बी लोक दारू पिऊन गात असतील की. ती आत बसलीय आन् आमची हलगी फासावर!"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. ज्याला उत्तर सुचत नाही तो नियम काढतो. मंडळीच्या पंचांनी ठरवलं, की मंडळीतल्या कोणी जत्रेत जायचं नाही, तमाशा पाहायचा नाही, वाद्याला हात लावायचा नाही.

अशी तीन वर्षं गेली. हलगीचं कातडं सैल पडलं. एका कडेला उंदरानं कुरतडलं. नथोबा रोजंदारीवर दगड फोडायला जायचा. त्याच्या घणाचा ठेकासुद्धा ऐकत राहावा असा होता, असं म्हणतात.

तिसऱ्या वर्षी माघातल्या जत्रेला तमाशाचा नामांकित फड आला. फडाचा सरदार दगडूबा नथोबाच्या दाराशी येऊन उभा राहिला. "तुझ्या देवाला तुझा हात नको असंल तर मला दे, नथोबा. डोक्यावर घेऊन नाचतो."

"देवाला नको असं देव बोलला न्हाई अजून," नथोबा म्हणाला. "मास्तर बोललेत. देवाचं ऐकायला थांबलोय."

तो फडाबरोबर गेला नाही. पण दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना जत्रेच्या कडेला त्याचे पाय थबकले. आत ढोलकी वाजत होती. डोक्यावरचं घमेलं त्यानं खाली घेतलं, पालथं केलं, आणि बोटं सुटली. म्हणतात, की आतला ढोलकीवाला थांबला, गाणारी थांबली आणि सगळी जत्रा पाठ फिरवून घमेल्याकडे बघायला लागली.

हे मास्तरांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. पंच बसले. पंचांच्या वहीतली त्या दिवसाची ओळ अजून वाचता येते: नथानिएल यास जत्रेत वाद्य वाजविल्याबद्दल, पुनरुत्थानाचा सण धरून, प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यात येत आहे. ते वाद्य म्हणजे घमेलं होतं, हे वहीत लिहिलेलं नाही.

नथोबानं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला, "मास्तर, त्या दारात मला खाली उभं केलं, म्हनून मी ह्या दारात आलो. आता हितं बी दारातच उभा राहू का?"

"नियम आहे," मास्तर म्हणाले. पण त्यांनी नथोबाकडे पाहिलं नाही.

त्यानंतर रविवारी नथोबा उंबऱ्याबाहेर बसायचा, हात मांडीखाली घेऊन. बाहेरून त्याला आढ्याला टांगलेली हलगी दिसायची आणि टेबलावरची प्रभुभोजनाची भाकर दिसायची. दोन्ही सारख्याच लांब होत्या.

त्यानंतर आलेल्या चैत्रात मास्तरांचे वडील भाऊबा अंथरुणाला खिळले. गवतावर टाकलेल्या गोधडीवर ते पडून होते. येशूच्या मरणाचा उत्तम शुक्रवार गेला, शनिवार उजाडला. मंडळीत तो दिवस मुका पाळायचे. पेटीसुद्धा उघडायची नाही. भाऊबांनी लेकाला जवळ बोलावलं. मास्तरांना सगळं जग मास्तर म्हणायचं, पण भाऊबा त्यांना जुन्या नावानंच हाक मारायचे.

"सख्या, मी किती तिरड्या पोचवल्या असतील रं?"

"बाबा, आता ते कशाला?"

"पाटलाची पोचवली. कुलकर्ण्याची लांबून पोचवली. वाण्याच्या म्हातारीची पोचवली. समद्यास्नी वाजवत नेलं. माझ्याफुडं कोन वाजवनार?"

मास्तर म्हणाले, "बाबा, आपल्यात प्रार्थना होईल."

"व्हऊ दे की प्रार्थना. पन देव काय बहिरा हाय का, की त्याला हलगीतलं कळत न्हाई?" म्हातारा थांबून थांबून बोलत होता. "तुला त्या भाकरीची लाज वाटती, सख्या. मला ठावं हाय. पन भाकर शिळी त्यांची व्हती. वाजवनं माझं व्हतं. ते कधी शिळं नव्हतं."

दुपार कलायच्या आत भाऊबा गेले.

तिरडी बांधून झाली. मंडळी अंगणात गोळा झाली. मास्तर आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा अंगात कोट नव्हता, पायांत वहाणा नव्हत्या, आणि काखेत बापाच्या अंथरुणाखालचं गवत होतं. ते गवत जाळून टाकायची रीतच आहे, तेव्हा कोणाला काही वेगळं वाटलं नाही. पण मास्तर ते घेऊन प्रार्थनाघराकडे गेले. शिडी लावली. आढ्यावरून हलगी उतरवली. उंबऱ्याशी नथोबा बसला होता, त्याच्यासमोर त्यांनी गवत टाकलं आणि स्वतःच्या हातानं पेटवलं.

"तापव," मास्तर म्हणाले.

नथोबानं हलगी हातात घेतली. कातडं लोंबत होतं, कडेला भोक होतं. असली हलगी कोणत्याच जाळावर ताणली नसती. तो मास्तरांना म्हणाला, "तुमी धरा. तुमच्या बाचं गवत हाय."

मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा हलगी धगीवर धरली. आणि असं म्हणतात, की भाऊबाच्या अंथरुणाच्या त्या मूठभर जाळावर तीन वर्षांचं सैल कातडं आक्रसत गेलं, उंदरानं कुरतडलेलं भोक मिटलं, आणि नथोबानं नुसतं नख लावलं तर नदीपलीकडच्या कातळातून जबाब आला.

मुका शनिवार होता तो. पण नथोबा तिरडीपुढं वाजवत निघाला. सात गावांत ऐकू गेलं. वेशीवर, ज्यांनी भाऊबाला शिळं दिलं त्यांची नातवंडं डोक्यावरची पागोटी काढून वाटेच्या कडेला उभी राहिली. खांदेकरी सांगायचे, की ओझं लागतच नव्हतं, उलट तिरडी वर उचलू पाहत होती. मास्तर बापाच्या पुढं, नथोबाच्या शेजारून अनवाणी चालले. दिवस मावळायच्या आत भाऊबाला माती दिली आणि नथोबानं हलगी मातीवर ठेवली. म्हणाला, "आज तुमाला, भाऊबा."

पुढचं सांगताना कातळवेढ्याचे लोक आवाज खाली आणतात. पुनरुत्थानाच्या रविवारी फटफटायच्या सुमाराला सगळी वस्ती हलगीच्या आवाजानं जागी झाली. आवाज स्मशानाकडून येत होता. मयतीचा ठेका नव्हता तो, वरातीचा होता. लोक आधी नथोबाकडे धावले, तर तो प्रार्थनाघराच्या उंबऱ्याबाहेर आपल्या जागी बसलेला, हात मांडीखाली. मग सगळे स्मशानात गेले. हलगी मातीवर ठेवली होती तशीच होती. दव पडून सगळं गवत भिजलं होतं, पण कातडं कोरडं होतं, आणि हात लावला तर ऊन ऊन लागत होतं.

त्या सकाळी साहेब घोड्यावरून नदी ओलांडून आले तेव्हा उपासना भरली होती. टेबलावर भाकर आणि प्याला. मास्तर पेटीवर बसले, भाता ओढला, गाणं सुरू केलं. मंडळी ओठ हलवू लागली. पहिलं कडवं तसंच गेलं. मास्तरांनी पेटी थांबवली.

"नथानिएल, बोटं!"

सगळं प्रार्थनाघर दचकलं. बाहेर नथोबानं हात आणखी आत सारले. "न्हाई मास्तर, बगा, मांडीखालीच हायेत."

"तसं नाही," मास्तर म्हणाले. "बाहेर काढ. आणि आत ये."

स्मशानातून आणलेली हलगी मास्तरांनी त्याला दोन्ही हातांनी दिली. नथोबा उंबरा ओलांडून आत आला आणि वाजवू लागला. साहेबांच्या देशातली ती चाल आधी अडखळली, मग तिनं पाय टाकला, मग तिला कातळवेढ्याची चाल आली. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या माना हलल्या. सगुणानं पहिला आवाज लावला. सोळा घरांना तीन वर्षांत न पाठ झालेले शब्द त्या एका सकाळी पाठ झाले.

साहेबांनी मास्तरांना विचारलं, "हे कोणी ठरवलं?" मास्तर म्हणाले, "आधीच ठरलेलं होतं. आम्ही उंच टांगून ठेवलं होतं." साहेबांनी भाकर मोडून ताट मास्तरांच्या हाती दिलं. पंचांच्या वहीतला नियम तोवर कोणी खोडला नव्हता. मास्तरांनी ताटातला पहिला तुकडा नथोबापुढं धरला.

नथोबा पुढं किती वर्षं जगला, हे कोणाला नक्की सांगता येत नाही. प्रार्थनाघर आता पक्कं आहे, पेटीही नवी आहे. पण दर वर्षी पुनरुत्थानाच्या पहाटे घरटी एक मूठ गवत उंबऱ्याशी येतं आणि त्या जाळावर हलग्या तापतात. त्या तापवायच्या मंडळीच्या उपदेशकानं, स्वतःच्या हातानं आणि अनवाणी. वाजवायला फडातले, बँडातले, कुठल्याही गावचे वाजंत्री येतात. तुझा देव कोणता, असं कोणी विचारत नाही. त्या दिवशी सगळी मंडळी एकत्र जेवते, तेव्हा तव्यावरची पहिली गरम भाकर वाजवणाऱ्याच्या हातावर पडते. ती पडेपर्यंत पंचसुद्धा घास घेत नाहीत.

आणि गाणं अजून सुरू झालेलं नसतं, पोरंबाळं, म्हातारे, पाहुणे सगळे गप्प बसलेले असतात, तेव्हा उपदेशक उभा राहतो, दाराकडे बघतो आणि जोरात ओरडतो:

"नथानिएल, बोटं!"

मग सगळे हात बाहेर काढतात.