रवीने दिलेली सोबत

भांडी बोलायची आणि माणसं त्यांचं ऐकायची, त्या काळातली गोष्ट. यमुनाकाकूंनी सकाळी दुधाला विरजण लावून मडकं कोपऱ्यात ठेवलं.

खुंटीवरच्या रवीला दुधाची फार दया आली. "असं घुम्यासारखं काय बसलंस रे? कुणी बोललं का तुला?"

"नाही गं. जरा न हलता बसू दे. दही झालं की घुसळ हवं तेवढं."

"एकटं बसून कुणाचं भलं झालंय?" असं म्हणत रवीने मडक्यात उडी मारली आणि दिवसभर दुधाला गप्पांत घोळवलं.

संध्याकाळी काकूंनी मडक्यात पाहिलं, तर दही लागलंच नव्हतं. घुसळणार काय? त्यांनी रवी धुऊन पुन्हा खुंटीला टांगली, एकटीच.

मडक्यातलं विरजण फुकट गेलं. रवीच्या उत्साहावर पडलेलं मात्र अगदी घट्ट लागलं.