गौरव्वाचा वाटा

फार वर्षांपूर्वी, आपल्या नदीला पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर उतार पडायची वाट बघत काठावर बसावं लागायचं, तेव्हा बिरवडगी गावात सिद्राम नावाचा आचारी राहायचा. त्याच्यासारखी हुग्गी ना त्याच्या आधी कुणी केली, ना नंतर. हुग्गी म्हणजे कांडलेल्या गव्हाची खीर, गूळ-सुंठ घालून तासन्‌तास रटरटवलेली. सिद्रामाची काहील, माणूस आत बसेल एवढी कढई, चुलवाणावर चढली की वास नदी ओलांडून पलीकडच्या दोन गावांत जायचा आणि तिकडच्या बायका तव्यावरची भाकरी उलटायची विसरायच्या, असं म्हणतात.

त्या काळी बिरवडगीत जेवण म्हणजे पैज होती. नदीकाठची काळी जमीन, घरोघरी धान्याची पेवं भरलेली. पोट भरलं म्हणून कुणी पानावरून उठत नसे. वाढपी आला की पानावर आडवा हात धरायचा, आणि त्याने तो हात सारून वर आणखी वाढायचं, ही रीत. निम्मं पानातच राहायचं. चुकून कुणी पान चाटूनपुसून उठला तर यजमानाची नाचक्की, की बघा, याच्या दारात माणूस अर्धपोटी राहिला. पंगती उठल्या की उकिरड्यावर पोळ्यांचा, भाताचा, खिरीचा ढीग पडायचा, आणि त्यावर कावळे किती उतरले यावरून लग्न केवढं झालं ते ठरायचं.

सिद्राम पंगतीमागे हाताची घडी घालून उभा राहायचा. एका पैलवानाने एकदा सतरा ओगराळी हुग्गी खाल्ली आणि त्याला बाजेवर घालून घरी न्यावं लागलं. सिद्राम ती गोष्ट पुढे बारा वर्षं सांगत होता. त्याला बायको नव्हती, मूल नव्हतं. लोक ढेकर देऊन ‘हात असावा तर सिद्रामाचा’ म्हणायचे, आणि तेवढ्यावर त्याचं भरल्या घरासारखं चालायचं.

मग एका साली वरच्या माळावर पाऊस पडला नाही. दुसऱ्या सालीही पडला नाही. काठावरच्या विहिरींना पाणी होतं, म्हणून बिरवडगीतल्या पंगती चालूच राहिल्या. पण माळावरची माणसं गुरं सोडून, दारं ओढून खाली उतरायला लागली. पोटं पाठीला लागलेली, तोंडातून शब्द फुटत नाही अशी माणसं. त्यांतच गौरव्वा होती. नवरा वाटेत गेलेला. ती सरळ सिद्रामाकडे आली आणि तुमच्या काहिली घासून देते म्हणाली. मोबदला काय, असं त्याने विचारलं. तळाला जे लागलेलं असेल ते, असं ती म्हणाली. सिद्रामाला हसू आलं. त्याने मान हलवली.

तेव्हापासून पंगत उठली की गौरव्वा काहिलीत उतरून बसायची. लोखंडी उलथन्याने तळाची खरवड काढायची, कडेला सुकलेलं ओलं करून सोडवायची, हंड्यांच्या बुडाशी राहिलेली आमटी निथळून घ्यायची. पानातल्या उष्ट्याला ती हात लावत नसे. ते उकिरड्याचं, काहिलीतलं माणसाचं, असं म्हणायची. मग नदीच्या घाटावरच्या चिंचेखाली तीन दगडांच्या चुलीवर एवढ्याशा मडक्यात ते सगळं गरम पाणी आणि मूठभर ज्वारीच्या कण्या घालून पुन्हा शिजवायची आणि माळावरच्या लोकांना ओळीने बसवून वाढायची. पहिल्या दिवशी अकरा माणसं होती. पुढे शंभर झाली. मडकं तेवढंच होतं, आणि तरी कुणी रिकाम्या पानाने उठलं नाही, असं म्हणतात.

सिद्रामाने बरेच दिवस तिकडे ढुंकून बघितलं नाही. खरवड ती खरवड. पण एकदा तो नदीवर आंघोळीला गेला असताना उताराची वाट बघणारे दोन वाटसरू बोलत होते. एकाने विचारलं, की या गावात कुणाच्या हाताला चव आहे म्हणतात? दुसरा म्हणाला, गौरव्वाच्या.

सिद्राम पाण्यात कमरेपर्यंत उभा होता. नदीचं पाणी गार, आणि त्याच्या छातीत मात्र निखारा पडल्यासारखं झालं.

त्या दिवशी तो ओल्या पंच्यानेच चिंचेच्या मागे जाऊन उभा राहिला. समोर पंगत बसलेली होती. कुणी ढेकर देत नव्हतं. कुणी आडवा हात धरत नव्हतं. माणसं एकेक घास तोंडात धरून ठेवत होती, गिळायला मन होत नसल्यासारखी. पान पुसून, बोटं चाटून झाल्यावर उठायच्या आधी प्रत्येकाने जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला आणि गौरव्वाकडे बघितलं. फक्त बघितलं. पण ती नजर सिद्रामाला आरपार लागली. तीस वर्षं त्याने माणसं जेवू घातली होती. ती सगळी कण्हत, धोतराची गाठ सैल करत उठली होती. असं त्याच्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं.

लोक गेल्यावर तो पुढे झाला.

“ती खीर माझी आहे,” तो म्हणाला.

“तुमचीच हाय की, अण्णा,” गौरव्वा म्हणाली. “मी रोज सांगते त्यास्नी, ही सिद्रामअण्णाच्या काहिलीतली म्हणून.”

“मग नाव तुझं कसं?”

ती मडकं पालथं घालत होती. म्हणाली, “त्यांनी तुमाला कधी बघितलेलंच न्हाई, अण्णा.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते त्याला जास्त झोंबलं. त्याला अन्न गोड लागेना. काहील ढवळताना तो मनातल्या मनात हिशेब मांडायचा: गूळ माझा, आच माझी, घाम माझा, आणि तळाशी करपलेल्या चार घासांवर ही बाई देवी झाली. लोक पंगतीत त्याचं नाव घेत होतेच, पण आता ते त्याला पेंढ्यासारखं कोरडं लागायचं. त्याला चिंचेखालची नजर हवी होती. आणि ती आपल्याला मिळत नाही तर तिलाही मिळू नये, असं त्याला वाटायला लागलं.

पुढे देसायाच्या मुलीचं लग्न आलं. देसाई गावातला सगळ्यात मोठी असामी. नऊ काहिली हुग्गी झाली. शेवटची पंगत उठल्यावर सिद्रामाने काय केलं, तर काहिलींत उरलेलं सगळं उकिरड्यावर ओतायला लावलं आणि चुलवाणातली राख पाट्या भरभरून प्रत्येक काहिलीत टाकली, वर पाणी सोडलं. वाढप्यांनी विचारलं, तर म्हणाला, परक्या माणसांची दृष्ट लागते, भांड्यांना राख लागलेली बरी.

गौरव्वा आली. तिने पहिल्या काहिलीत हात घातला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. नवव्या काहिलीपर्यंत गेली. ठरल्याप्रमाणे नऊच्या नऊ काहिली लख्ख घासून पालथ्या घातल्या आणि रिकाम्या हाताने चिंचेकडे गेली. लोक ओळीने बसलेलेच होते. आज काही नाही, एवढं तिने सांगितलं. ते तरीही दिवस मावळेपर्यंत बसून राहिले. ओळीच्या टोकाला बसणारा एक म्हातारा होता. तो बसल्या जागीच बुंध्याला टेकला आणि पुन्हा उठला नाही.

सिद्रामाला ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्याला वाईट वाटलं का? वाटलं. पण म्हाताऱ्याला मूठमाती देताना लोकांनी पहिली मूठ गौरव्वाला टाकायला लावली, हेही त्याने ऐकलं, आणि त्या वाईट वाटण्यातसुद्धा त्याच्या छातीतला निखारा पुन्हा फुलला. मत्सर असा असतो, बाबांनो. मढ्यापाशीही तो मान मोजतो.

महिना गेला आणि देसायाच्या मुलाचं लग्न निघालं. सिद्रामाने या वेळी बारा काहिली लावल्या. पंगत बसली. पानं वाढली. आणि त्या दिवशी जे झालं ते बिरवडगीने आधी कधी पाहिलं नव्हतं.

पंगत उठेना.

लोकांनी नेहमीसारखं खाल्लं, आणखी मागितलं, ते खाल्लं, आणखी मागितलं. कुणी आडवा हात धरेना. पानात शीत राहीना. पहिली काहील संपली, दुसरी संपली. सिद्राम आधी खूश झाला. त्याला वाटलं, गेलेला मान परत आला. पण चौथी काहील संपली तेव्हा त्याने लोकांचे चेहरे बघितले. पोटं नगाऱ्यासारखी तट्ट फुगलेली, कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, आणि हात मात्र पान आणि तोंड यांच्यामध्ये चालूच. “भूक जात न्हाई, सिद्राम,” देसाई रडवेला होऊन म्हणाला. “वाढ.” बाराच्या बारा काहिली संपल्या. मग पोळ्या, भात, भाज्या संपल्या. देसायाने पेव उघडलं. सिद्राम नव्याने गहू शिजवायला लागला. शिजेपर्यंत लोक भिजवलेले कच्चे गहू मुठीने खात होते, असं म्हणतात.

ज्या माणसाने जन्मभर ‘आणखी घ्या’ म्हटलं होतं, तो त्या दुपारी पंगतीपुढे हात जोडून ‘आता पुरे करा’ म्हणत फिरला. कुणाला थांबता येईना. नवरदेवसुद्धा बोहल्यावरून उतरून ओरपत बसला होता.

तेव्हा सिद्रामाला कळलं की कुणाला बोलवावं लागणार. ते कळलं आणि त्याच्या अंगाची लाही लाही झाली. गावात दुसरं कुणी नाही का, असं स्वतःला विचारत तो अर्ध्या वाटेवरून दोनदा परत फिरला. तिसऱ्यांदा मात्र पळतच घाटावर गेला.

गौरव्वा चिंचेखाली बसली होती. तिच्या मागे माळावरचे लोक. एवढं झालं, असं त्याने सांगितलं, आणि मान खाली घालून म्हणाला, “राख मीच टाकली होती.”

“ठाऊक हाय,” ती म्हणाली.

“तू चल. तुझ्या हातानं वाढ त्यांना.”

“माझ्या हातात काय न्हाई, अण्णा. नवी काहील शिजली का?”

“शिजत आली.”

“मग ती हितं आणा. त्यांच्या आधी हितं वाढा. आन्‌ तुमी वाढा.”

देसायाच्या दारातून भरली काहील वासे घालून आठ वाढप्यांनी उचलली. पंगत मागून ओरडत होती, शिव्या देत होती. सिद्रामाने ओगराळं घेतलं आणि चिंचेखालच्या ओळीत वाकून वाढायला लागला. त्याने जन्मात पहिल्यांदा वाढलेलं पान जवळून बघितलं. एका बाईने पहिला घास तोंडात घेतला आणि डोळे मिटले. टोकाची म्हाताऱ्याची जागा लोकांनी रिकामी ठेवली होती. सिद्राम तिथेही वाकला आणि एक ओगराळं पानावर घातलं. ओळीतल्या शेवटच्या माणसाने पाणी पिऊन पान पुसलं, आणि नेमक्या त्या वेळी देसायाच्या मांडवात सगळ्यांचे हात पानावर थांबले. कुणीतरी म्हणालं, झालं माझं. लोक एकमेकांना धरून उठले.

चिंचेखाली सिद्राम ओगराळं धरून उभाच होता. आता आपल्याकडे बघतील, असं त्याला वाटत होतं. लोकांनी जमिनीला हात लावला, कपाळाला लावला, आणि सवयीने गौरव्वाकडे बघितलं.

त्या दिवशी तो घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. सकाळी उठला तो एक निश्चय करूनच. तिने तळाचं दिलं, मी वरचं देईन. तिने करपलेलं दिलं, मी तूप सोडून देईन. बघू मग कुणाचं नाव राहतं. त्यानंतर गावात कुठेही पंगत असो, चुलवाणावरून उतरलेली पहिली काहील चिंचेकडे जायला लागली. देसायापेक्षा जास्त सुंठ तो तिच्यात घालायचा. पंगत नसेल तेव्हा दारोदार शिधा मागून शिजवायचा. यजमानांनी कुरकुर केली तर विचारायचा, पुन्हा पंगत उठली नाही तर? त्या दोन सालांत आजूबाजूच्या गावांत माणसं किड्यामुंगीसारखी मेली, पण बिरवडगीच्या घाटावर त्या म्हाताऱ्यानंतर भुकेने कुणी मेलं नाही. आणि हे सगळं सिद्रामाने गौरव्वावर जळून केलं. गाव ते लपवत नाही.

मग पाऊस झाला. माळावरचे लोक परत गेले, त्यांच्याबरोबर गौरव्वाही गेली. जाताना ती सिद्रामाच्या पाया पडली. तो म्हणे दाराआड उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होता. ती पुन्हा आली नाही.

पण पहिली काहील थांबली नाही. कुणी वाटसरू, कुणी आंधळापांगळा असायचाच. सिद्राम म्हातारा झाला, काठी टेकत मांडवात यायला लागला. एका लग्नात नवा आचारी वाढप्यांना म्हणाला, “आधी गौरव्वाचा वाटा काढा.” सिद्रामाने ते पहिल्यांदा ऐकलं. काठी आपटून तो ताडकन उठला.

“केलं मी,” तो म्हणाला.

मग देसायाची म्हातारी बायको बसल्या जागेवरून हळूच म्हणाली, “व्हय अण्णा. तुमीच केलं. नाव तिचं.”

सिद्रामाने काहिलीपाशी जाऊन बोटावर हुग्गी घेतली, जिभेला लावली आणि गूळ कमी पडलाय, असं सांगून आणखी दोन ढेपी घालायला लावल्या. त्याच पावसाळ्यात तो गेला.

आजही बिरवडगीत लग्न असो, बारसं असो, पहिली काहील मांडवात वाढत नाहीत. ती चिंचेखाली जाते. ऊसतोडीची माणसं, वीटभट्टीवरची माणसं, स्टँडवर अडकलेला एखादा ड्रायव्हर, जो असेल तो तिथे आधी जेवतो. मांडवात पानावर आडवा हात धरला की वाढपी पुढे जातो, आणि पान पुसून उठणाऱ्याला कुणी हसत नाही. काहील उचलायच्या आधी आचाऱ्याने मोठ्याने म्हणायचं असतं, “केलं मी.” सगळा मांडव उत्तर देतो, “नाव तिचं.” बाहेरगावच्या पाहुण्यांना त्याची गंमत वाटते. पण बिरवडगीची माणसं त्या वेळी आचाऱ्याच्या आवाजाकडे नीट कान देतात. ज्याच्या आवाजात थोडीसुद्धा जळजळ नसेल, त्याला पुढच्या लग्नाची सुपारी देत नाहीत.