काकडीचं कुर्रम हरवलं

एक होती काकडीची चकती. गोल गोल, हिरवी किनार. तिचं नाव चकूताई.

चकूताईच्या अंगात इवल्या इवल्या खोल्या. खोली खोली पाण्यानं भरलेली. म्हणून चावलं की वाजायचं, कुर्रम! त्या कुर्रमचा केवढा तोरा तिला!

चकत्यांवर मीठ कधी घालायचं? अगदी शेवटी, पानं वाढली की. पण आज नलूआत्याची घाई. तिनं मीठ घातलं आधीच, आणि बसली पुऱ्या लाटत.

टप टप टप! खोल्यांतलं पाणी बाहेर. चकूताई झाली लुळी. कुर्रम गेलं!

"अगं बाई! आता बकुळ मला खायची नाही!"

बकुळ म्हणजे आत्याची भाची. वय अडीच. लिबलिबीत दिसलं की ताटाबाहेर!

मीठ बसलं होतं चकूताईच्या पाठीवर.

"मीठभाऊ, मीठभाऊ, उठा ना. माझं कुर्रम येईना!"

मीठ म्हणालं, "मी नाही उठणार! बाहेर खारट फार, आतलं पाणी पसार! पाणी मला धुवेल, तर उठेन."

चकूताई निघाली माठाकडे. लिबलिब थप, लिबलिब थप.

"पाणीदादा, पाणीदादा, या ना. मीठ उठेना, माझं कुर्रम येईना!"

पाणी म्हणालं, "मी नाही येणार! मी माठात गारेगार. तांब्या बुडेल, तर येईन."

चकूताई गेली तांब्याकडे. लिबलिब थप, लिबलिब थप.

"तांब्याबुवा, तांब्याबुवा, बुडा ना. पाणी येईना, मीठ उठेना, माझं कुर्रम येईना!"

तांब्या म्हणाला, "मी नाही बुडणार! मला का पाय आहेत? आत्या उठेल, तर बुडेन."

चकूताई गेली आत्याकडे. लिबलिब थप, लिबलिब थप. पोळपाटावर चढली.

"आत्याबाई, आत्याबाई, उठा ना. तांब्या बुडेना, पाणी येईना, मीठ उठेना, माझं कुर्रम येईना!"

आत्या म्हणाली, "मी नाही उठणार! उठू कशी गं? मांडीवर ही बकुळ ठाण मांडून बसलीय. बकुळ उतरेल, तर उठेन."

चकूताईनं मान वर केली.

"बकुळराणी, बकुळराणी, उतर ना. आत्या उठेना, तांब्या बुडेना, पाणी येईना, मीठ उठेना, माझं कुर्रम येईना!"

बकुळ म्हणाली, "नाई उतलनाल! आधी मला कुल्लम दे!"

घ्या! कुर्रम असतं, तर चकूताई घरभर फिरली असती का?

चकूताईला आलं रडू. रडली, रडली, खूप रडली. उरलंसुरलं पाणी निघालं बाहेर. खारट, खारट! एक थेंब पडला, टप! कुठे? बकुळच्या अंगठ्यावर.

आणि बकुळचा अंगठा जातो कुठे? तोंडात! चुप् चुप् चुप्...

"ईईई! खालट! पाणी! पाणी!"

बकुळ उतरली, धप्प!
आत्या उठली, लगबग लगबग!
तांब्या बुडाला, बुडुक बुडुक!
पाणी आलं, खळखळ खळखळ!

बकुळ प्यायली घट घट घट. आत्यानं चकूताईकडे पाहिलं आणि जीभ चावली.

"अगो बाई, मीठ मीच आधी घातलं की!"

तिनं चकूताईला धुतलं.

"उठतो बाबा, उठतो!" मीठ म्हणालं आणि गेलं वाहून.

मग आत्यानं वाटीत घेतलं साधं पाणी, गार गार. त्यात बसवलं चकूताईला. आता बाहेर खारट नाही. थोडं खारट उरलंय आतच. मग पाणी कुठे पळणार?

आत! गुळुक्, एका खोलीत. गुळुक्, दुसऱ्या खोलीत. गुळुक् गुळुक् गुळुक्, सगळ्या खोल्यांत! चकूताई फुगली. चकूताई ताठ झाली. तोरा आला परत!

पानं वाढली. बकुळ बसली पाटावर. चकूताई बसली ताटात, अगदी पुढे.

आणि मीठ? ते आत्यानं घातलं. कधी? अगदी शेवटी! एक चिमूट.

बकुळनं उचलली चकूताई. आ केला मोठ्ठा.

कुर्रम!

"अजून!" बकुळ म्हणाली.

चकूताई पोटात, गोष्ट ओठात. आता तुम्ही करा बघू आ!