काडीबाईंचा रूपकाचा तास

“मी मेली वेंधळी, फांदी समजून हेडमास्तरांच्याच पाठीवर चढले होते,” असं नलूबाई सातवीच्या वर्गाला हसत सांगायच्या. फार वर्षांपूर्वी एका बाभळीवर काडीकिड्यांची शाळा होती, तिथल्या या बाई.

एकदा त्या म्हणाल्या, “‘मी काडीसारखा आहे’ ही झाली उपमा. तेवढ्यानं कावळा फसत नाही. ‘मी काडीच आहे’ हे रूपक. मनापासून म्हणा, म्हणजे वाचाल.”

तेवढ्यात कावळा आलाच. मुलं काड्या झाली. बाई तर इतकी झकास काडी झाल्या, की कावळ्यानं त्यांनाच उचलून घरट्यात खोचलं.

हलावं तर मरण, न हलावं तर जन्मभर घरटं. बाई शेजारच्या काडीला कुजबुजल्या, “अहो, मी खरी काडी नाही हो.”

“हळू बोला,” काडी म्हणाली. “तुमच्या आधी सातवीला मीच होते.”